राब, कणगी आणि आपलं ताट

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि एका मावशींनी विचारलं, "ते सेंद्रिय म्हणतात, ते आपल्याला परवडायचं का गं?" त्यांच्या सुनेने कल्याणच्या एका दुकानात सेंद्रिय नागलीच्या पिठाचा पुडा हातात घेतला, भाव वाचला आणि परत ठेवून दिला. नागली आपल्याच माळावरची, आणि पुडा आपल्यालाच परवडत नाही! सगळ्याजणी हसलो. पण प्रश्न काही मनातून जाईना. म्हणून आम्ही थोडं जुनं वाचलं, थोडं गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं. आजचं बोलणं त्यातलंच आहे.

सुरुवात राबापासून करू. खताची गोणी आपल्याकडे येण्याआधी मुरबाड-शहापुरात भाताचं रोप राबावरच वाढायचं. फाल्गुन-चैत्रात जागा निवडायची. तिच्यावर शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, मग पालापाचोळा, गवत, वरून बारीक माती. आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, किडे मरतात, राखेचं खत होतं. पाऊस पडला की त्यात भात पेरायचं आणि रोप वर आलं की खाचरात आवणी. या सगळ्यात पैसा लागत नव्हता, पण फुकट मात्र म्हणू नका. शेण गोळा करणं, पाल्याचे भारे डोक्यावरून आणणं हे काम बायकांचंच होतं. बिनपैशाच्या खताची किंमत आपल्या आज्या-पणज्यांच्या मानेने भरली. आणि आता शेतीची माणसं सांगतात की सगळंच जाळण्यापेक्षा पाला कुजवलेला बरा, तेही आम्हाला पटतं.

पण हा पाला आणायचा कुठून? भातखाचराच्या जोडीला वरकस जमीन असायची आणि त्यापलीकडे जंगल. 1878 साली इंग्रज सरकारचा जंगल कायदा आला आणि ठाणे जिल्ह्यातली जंगलं राखीव व्हायला लागली. काल जी फांदी आपली होती, ती आज तोडली की गुन्हा. लोकांची ओरड एवढी झाली की 1885 मध्ये मुंबई सरकारला खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांच्या तक्रारींसाठी जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला. मोठमोठे साहेब बसून शेण आणि पाल्यावर वाद घालत होते, हे वाचताना आम्हाला गंमत वाटली. पण गंमत नव्हती ती. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा भात नाही.

त्याच काळात, 1883 साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. गरीब कुटुंब पूर्वी रानातली फळं, पानं, फुलं आणून आणि एखादी गाय, दोन-चार शेळ्या पाळून कसं तगून राहायचं आणि जंगल खात्याने तो आधार कसा तोडला, हे त्यात त्यांनी मांडलं आहे. गरिबाच्या घरातलं दूध आणि भाजी शेतातून कमी आणि रानातून जास्त येत होती, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनं सगळं छान होतं. छान नव्हतं, मैत्रिणींनो. अन्न बिनविषारी होतं, पण पुरत नव्हतं. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे महिने कसे जायचे ते म्हाताऱ्या बायांना विचारा. घरात दाणा नाही, शेतात मात्र चिखल आणि काम. मग कडूकंद खणायचा, काप करायचे, राख घालून उकडायचे आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे त्याचं विष उतरायचं. नाहीतर सावकाराकडून खावटी आणायची. पावसाळ्यात उसनं घेतलेलं धान्य काढणीला दीडपट, कधी दुपटीने फेडायचं. 1938 च्या सुमारास सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी केली. त्यात आपला शहापूर तालुकाही होता. खावटीच्या फासाबद्दल त्याने सरकारला लिहून दिलं. पीक खळ्यावर येईपर्यंत ते दुसऱ्याचं झालेलं असायचं. स्वतः पिकवलेलं स्वच्छ धान्य बाईच्या चुलीपर्यंत येतच नव्हतं.

इथे भाई कोतवालांची आठवण काढायला हवी. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 ला ते आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. विजेचे मनोरे पाडणारे कोतवाल सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याआधी माथेरान-कर्जतच्या या वकिलाने गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. आपलं धान्य आपणच एकत्र साठवायचं, अडचणीच्या महिन्यांत त्यातूनच घ्यायचं, म्हणजे सावकाराच्या दारात जावं लागत नाही. आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "अगं, हा तर बचत गटच, पैशाच्या जागी भात." अगदी तसंच.

पुढचं लवकर सांगते. 1966 नंतर आय.आर. 8, जया, रत्ना अशी बुटक्या भाताची बियाणी आली, सोबत युरिया आला. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला. ज्यांनी त्याच्या भाकऱ्या खाल्ल्या त्या आजही नाक मुरडतात. अशा दिवसांतून गेलेल्या माणसांनी जास्त पिकणारं भात घेतलं, यात त्यांची काय चूक? नव्या भाताने पोटं भरली. त्याला शिव्या देणं आम्हाला जमत नाही.

गेलं काय, तर कणगीतलं बी. सुधारित वाणाचं बी नीट निवडून ठेवलं तर दोन-तीन वर्षं चालतं, कर्जत-3 सारखं. संकरित भाताचं मात्र दरवर्षी नवं विकत घ्यावं लागतं, घरचं पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. पिशवीवर 'संकरित' लिहिलंय की 'सुधारित', हे वाचायला शिकलो तरी घरातले किती पैसे वाचतात बघा.

आपल्या डोक्यावर, घाट चढून गेलं की अकोले तालुका. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरातला नातू सारखा आजारी पडतो, हे पाहून त्यांनी आपण काय खातोय याचा विचार केला आणि गावठी बियाणी जमवायला लागल्या. बायफ संस्थेची साथ मिळाली, बियाणे बँक उभी राहिली, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची पद्धत आपल्या आजीचीच: बी राखेत घोळवायचं, मडक्यात ठेवायचं, तोंड लिंपून घ्यायचं.

आता आमच्या गटाचं सांगते. कबूल करायला लाज वाटते, पण सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही जूनमध्ये शेवळं, काकडं, गावठी अंडी सगळं कल्याणला नेऊन विकायचो आणि येताना पोरांना बिस्किटाचे पुडे आणायचो. मग गटातल्या एकीच्या लेकीचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. अंडी विकणाऱ्या बाईच्या घरात हे झालं. त्या रात्री कुणाला झोप लागली नाही.

तेव्हापासून ठरलंय: पहिलं माप घरच्या ताटाचं, उरलं ते बाजाराचं. रेशनचा तांदूळ आम्ही घेतो, त्यात कमीपणा नाही. जानेवारी 2023 पासून तो फुकट मिळतो आणि त्यानेच पोट भरतं. सेंद्रियचा हट्ट धरायचा तो भाजीत, कारण फवारणी तिथे जास्त होते. आपल्याकडची भेंडी परदेशात जाते, तिच्यावर काय काय मारावं लागतं ते मारणाऱ्यालाच विचारा. म्हणून मोरीच्या पाण्यावर घरची भेंडी, दुधी, वाल वेगळे. घरच्या भाताला गिरणीत एकच हात द्यायला सांगतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जावा बेटावर आइकमन नावाच्या डॉक्टरला दिसलं होतं, की पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि कोंड्यासकट तांदूळ दिला तेव्हा त्या बऱ्या झाल्या. आपल्या ताटातला कोंडा गिरणीवाल्याकडे राहतो आणि त्याचे पैसे वर आपणच देतो.

राहिला दाखला. दुकानांतून सेंद्रिय म्हणून विकायचं तर तो लागतो. किमान पाच शेतकरी मिळून एकमेकांची शेतं तपासायची, अशी पी.जी.एस. पद्धत 2011 पासून आहे, गटाला ती जमण्यासारखी आहे. पण घरी खायला कुणाचाच दाखला लागत नाही.

मावशींच्या सुनेने यंदा माळावरची पाच पायली नागली विकायची नाही असं ठरवलंय. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मूठभर बी आणायचं आहे. आमच्याकडे दुधीचं आहे, वालाचं आहे, गावठी काकडीचं आहे. झिनी भाताचं जुनं बी कुणाच्या कणगीत असेल, तर आवणीच्या आधी निरोप पाठवा.