तळपदे यांचें विमान

राइट बंधूंच्या आधीं आठ वर्षें, १८९५ सालीं, शिवकर बापूजी तळपदे यांनीं गिरगांव चौपाटीवर मनुष्यरहित विमान १५०० फूट उंच उडविलें, आणि न्यायमूर्ति रानडे व सयाजीराव महाराज त्या प्रसंगीं हजर होते, ही कथा आम्ही लहानपणापासून अभिमानानें ऐकत आलों आहों. परंतु अभिमान म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा कसा असतो, हें लँग्ले यांच्या उदाहरणावरून कळेल. ६ मे १८९६ रोजीं अमेरिकेंत पोटोमॅक नदीवर त्यांचें वाफेवर चालणारें मनुष्यरहित विमान सुमारें ३३०० फूट अंतर गेलें. ग्रॅहॅम बेल यांनीं तें प्रत्यक्ष पाहिलें व त्याचें छायाचित्रहि घेतलें. तळपदे यांच्या उड्डाणाचा असा समकालीन पुरावा अद्याप कोणीं दाखविलेला नाहीं.

या कथेस 'वैमानिक शास्त्रा'चा आधार देतात. त्या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं चिकित्सा केली. त्यांच्या मतें तो ग्रंथ विसाव्या शतकांतील असून त्यांतील विमानें उडण्याजोगीं नाहींत. मग १८९५ चें विमान त्यावरून घडणार कसें?

तथापि परतंत्र देशांतील एका मुंबईकरानें आकाशाचा ध्यास घ्यावा, ही गोष्ट लहान नव्हे. सिद्ध न झालेल्या यशाचा हार त्यांच्या गळ्यांत घालण्यापेक्षां त्यांचें खरें चरित्र शोधून काढणें, हाच त्यांचा सन्मान होय, असें आम्हांस वाटतें.