वूल्स्टनचा कारखाना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन शहरात, इचेन नदीच्या काठी, वूल्स्टन नावाचा भाग आहे. सुपरमरीन कंपनीचा विमानांचा कारखाना तेथे होता. ‘स्पिटफायर’ हे लढाऊ विमान प्रथम तेथेच घडले. तेव्हा १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमाने त्याच्यावर चालून आली, यात नवल नाही.

हवाई हल्ला झाला की पहिली चौकशी इमारतीची होते. २४ सप्टेंबरला त्या चौकशीचे उत्तर ‘विशेष हानी नाही’ असेच द्यावे लागले असते. कारखाना बहुतांशी बचावला. परंतु भोंगा वाजताच कामगार ज्या आश्रयस्थानांकडे धावले ती लोहमार्गाच्या बांधापलीकडे होती, आणि बॉम्ब त्या बाजूस कोसळले. छपरे राहिली, पंखांच्या कामावर ज्यांचा हात बसला होता अशी माणसे गेली. दोनच दिवसांनी, २६ तारखेला, छपरेही गेली. दोन्ही हल्ल्यांत मिळून शंभराच्या आसपास माणसे दगावली.

ढिगारे उपसताना मात्र असे आढळले की पुष्कळशी यंत्रे आणि जुळणीचे साचे कामास येण्याजोगे आहेत. विमान-उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी निर्णय दिला: कारखाना पुन्हा एका जागी उभारावयाचा नाही, तो विखरावयाचा. साउदॅम्प्टन, सॉल्झबरी, ट्रोब्रिज, रेडिंग या गावांतील मोटारींची गॅरेजे, बसगाड्यांची आगारे, एक लाँड्रीसुद्धा ताब्यात घेण्यात आली. सरकारी कामासाठी एखादी खोली मिळवावयाची तर किती टिपणे लिहावी लागतात, हे आम्हां नोकरदारांना विचारावे! एका गॅरेजात पंख, दुसरीकडे विमानाचा सांगाडा, आणि ईस्टली किंवा हेन्लीसारख्या विमानतळावर शेवटची जुळणी, अशी व्यवस्था बसली. आराखडे काढणारी मंडळी पुढे विंचेस्टरजवळच्या हर्स्ली पार्क या वाड्यात गेली.

बर्मिंगहॅमनजीक कॅसल ब्रॉमविच येथे सरकारने उभारलेला प्रचंड कारखाना त्याच वर्षीच्या जूनपासून स्पिटफायर देऊ लागला होता. तो नसता तर या विखुरण्यास उसंत मिळणे कठीणच होते.

यंत्रे ट्रकवर चढवून नेता आली. कसबी हात मात्र नव्याने घडवावे लागले. पूर्वी कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने या गॅरेजांत आल्या, आणि वूल्स्टनचे उरलेले कारागीर त्यांना पत्र्यावर रिव्हेट मारावयास शिकवू लागले.