उलटं टांगून घेतलेला बॅटर आणि बिनचेंडूचा खेळ

आजचा विषय एक जुना लघुपट आहे, ‘डायमंड डेमन’. साल १९४७, कंपनी एमजीएम, निवेदन पीट स्मिथचं. मुख्य सिनेमाच्या आधी दहाएक मिनिटांचे गमतीदार तुकडे दाखवायचे ना, त्यातलाच हा एक. बेसबॉलच्या मैदानातल्या चौकोनाला डायमंड म्हणतात, म्हणून हे नाव.

यातला हिरो जॉनी प्राइस. हा गडी पाय वर बांधून उलटा लटकतो आणि तसाच बॅटिंग करतो. एकाच वेळी दोन-दोन चेंडू फेकतो. धावत्या जीपमधून उंच उडालेला चेंडू झेलतो. कॅमेऱ्याची करामत नाही बरं का, मैदानात प्रेक्षकांसमोर तो हेच करायचा. १९४६ मध्ये क्लीव्हलंड इंडियन्सचा मालक बिल व्हेक याने त्याला संघात घेतलं आणि तो ७ सामने खेळलाही.

प्राइस गोरा होता, हे पाहताना आपल्या लक्षातही येत नाही. पण बेसबॉलच्या कसरतींची मोठी परंपरा त्या काळात दुसरीकडेच होती.

१८८०च्या दशकापासून मोठ्या लीगची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांनी आपले संघ उभे केले आणि १९२० मध्ये आपली लीगही. या संघांची खास चीज म्हणजे ‘शॅडो बॉल’. सामन्याआधीचा फील्डिंगचा सराव, पण चेंडूच नाही! बॅट फिरते, कुणीतरी सूर मारतो, दुसरीकडे फेकतो, तिथला झेलतो, आणि हे सगळं इतक्या वेगात की लोकांना चेंडू दिसायला लागतो. यात इंडियानापोलिस क्लाउन्स हा संघ सगळ्यांत गाजला. आधी त्याचं नाव ‘इथिओपियन क्लाउन्स’ होतं. चेहरे रंगवायचे, खोटी ‘आफ्रिकी’ नावं लावायची. मालक सिड पोलॉक गोरा.

यावर कृष्णवर्णीय पत्रकार भडकले. ‘पिट्सबर्ग कुरिअर’चा वेंडेल स्मिथ त्यातला एक. त्यांचा राग कसरतीवर नव्हता. गोऱ्या प्रेक्षकाला जे आधीच वाटतंय, की ही माणसं म्हणजे विदूषक, तेच तुम्ही त्याला तिकीट लावून दाखवताय, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण दुसरी बाजूही आहे: गर्दी त्यावरच जमायची आणि संघाचं पोट त्यावर चालायचं. शिवाय ही मंडळी खेळाडू म्हणून कच्ची नव्हती. १९५२ मध्ये याच क्लाउन्सकडून एक कोवळा पोरगा खेळला, त्याचं नाव हँक ॲरन.

प्राइसला मात्र कुणी म्हटलं नाही की तू गोऱ्यांची अब्रू घालवतोस. त्याचं विदूषकपण त्याच्या एकट्याचं होतं. १९४७च्या सराव-दौऱ्यात या पठ्ठ्याने रेल्वेच्या डब्यात साप सोडले! मॅनेजर लू बूद्रोने त्याला घरी पाठवलं. किस्सा अजून हसत सांगतात.

त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. कुणी शिवी दिली तरी उलट उत्तर द्यायचं नाही, या बोलीवर. आणि ५ जुलैला व्हेकनेच लॅरी डोबीला क्लीव्हलंडमध्ये आणलं. त्याच बूद्रोने ड्रेसिंग रूममध्ये त्याची एकेकाशी ओळख करून दिली. काहींनी हात पुढे केलाच नाही.