गाडगे, पत्रावळ आणि अभयारण्य

पळसाची पत्रावळ हे आपल्या पंगतीचे जुने वैभव. यवतमाळच्या रानात पळस विपुल. त्याची पाने काडीने टाचून पत्रावळी होत, द्रोण होत. जेवण उरकले की त्या उकिरड्यात कुजून शेताचे खत बनत. एकदा वापरून टाकायची वस्तू आपल्याला नवी नाही. नवी आहे ती न कुजणारी वस्तू.

विदर्भाच्या मातीतल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) पत्रावळीचीही गरज ठेवली नाही. हाती खराटा आणि मातीचे गाडगे; तेच ताट, तेच पाण्याचे भांडे. जिथे जावे तिथली जागा आधी झाडावी, मग कीर्तनाला उभे राहावे, हा त्यांचा नेम.

पुढे प्लॅस्टिक आले. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांनी डोळे उघडले आणि २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचऱ्याचा कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे पेले यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी झाली. मात्र त्या यादीत पाण्याच्या बाटल्या नाहीत, चिवड्या-वेफर्सची पाकिटेही नाहीत.

माउलीहो, बाजारात चालते ते रानात चालेलच असे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कोणताही कचरा टाकण्यास मनाई आहे. तिथे यादीचा प्रश्नच येत नाही. पांढरकवड्याजवळचे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर असो की उमरखेडकडचे पैनगंगा अभयारण्य, नियम एकच. अन्नाच्या वासाने हरिण पिशवी गिळते; ती पोटात पचत नाही, बाहेरही पडत नाही. मुका जीव भुकेने नव्हे, भरल्या पोटी मरतो.

आणि रान फाटकापाशी संपत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ निघाला आणि शेतशिवारे, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची सारी चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली. आपल्या दिंडीची वाट अशाच कुणाच्या तरी वाटेला छेदून जाते.

कायद्याची यादी सरकार वाढवील तेव्हा वाढवील. वारकऱ्याने पडशीत तांब्या आणि ताटली ठेवावी, पाकीट रिकामे झाले तरी परत आणावे. भूतदया बोलायला सोपी. ती पडशीत दिसली पाहिजे.

रामकृष्ण हरी!