मिठीची रात्र

पुराचा इतिहास म्हटला की आपल्याला १९६१ चे पानशेत आठवते. पण आपल्या मुंबईचाही एक पूर आता इतिहासात जमा झाला आहे, आणि तो मी अंगावर घेतलेला आहे.

मंगळवार, २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला मात्र पाऊणशेही नाही! जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाची, त्यात दुपारी समुद्राला मोठी भरती. पाणी जाणार कुठे? विहार-पवई तलावांचे पाणी माहीमच्या खाडीत नेणारी मिठी नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. तोवर आम्ही तिला नालाच समजत होतो. भराव घालून घालून माणसांनीच तिची ती दशा केली होती. पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने हे सारे तपासले.

मी त्या दिवशी कुर्ल्यात अडकले. लोकल बंद, फोन मुके. घरी सात महिन्यांची मुलगी सासूबाईंजवळ, अंगावर पिणारी! एका चाळीतल्या आजींनी हात धरून माडीवर नेले, कोरडे लुगडे दिले. खोलीत आम्ही अकरा परक्या बायका. शेजारच्या खोलीत एक तान्हे रडत होते, त्याची आई कामावरून परतली नव्हती. आजींनी ते माझ्या मांडीवर आणून ठेवले. कुणाचे, काय, मी विचारले नाही, पाजले.

पहाटे रुळांवरून चालत घाटकोपर गाठले. सासूबाईंनी रात्रभर पोरीला कापसाच्या बोळ्याने दूध पाजले होते.