कडी लागली तेव्हापासून

20 जानेवारी 2020, सोमवार, रात्री साडेनऊ. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातलं दामन, उंची सुमारे 2,300 मीटर. आभाळ मोकळं असलं की इथून एव्हरेस्टही दिसतो. केरळच्या 15 जणांची सहल पोखऱ्याहून परतताना इथल्या एका रिसॉर्टवर उतरली. कॉलेजातले जुने मित्र, त्यांच्या बायका, लेकरं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

निजण्याआधी. खोल्या चार घेतल्या होत्या, पण आठ जण एकाच खोलीत आले: दोन जोडपी आणि चार लहान मुलं. गॅसचा हीटर आत आला. खिडक्या लागल्या, दाराला आतून कडी बसली. इथवर कुणी काही वेडंवाकडं केलं असं कुणालाही वाटणार नाही. थंडीत आपणही असंच निजतो.

पुढचे दोन तास. आपली सगळी भीती गळतीची, आणि तिच्यासाठी नाक पुरतं. कारण सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. पण बंद खोलीत ज्योत हवेतला प्राणवायू खात राहते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 800 भाग झाले, की पाऊण तासात डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. जागा माणूस म्हणेल, प्रवासाचा शीण आहे. झोपलेला तर तेवढंही म्हणत नाही.

दोन ते तीन तास. याच प्रमाणात दोन तासांच्या आत शुद्ध हरपते, तिसरा संपेपर्यंत जीव जाऊ शकतो. आधी पायातली ताकद जाते. दार चार पावलांवर असूनही गाठता येत नाही.

21 जानेवारी, सकाळ. त्या खोलीतून कुणी बाहेर आलं नाही. दार उघडलं तेव्हा आठही जण बेशुद्ध होते. हेलिकॉप्टरनं काठमांडूच्या हॅम्स रुग्णालयात नेलं. तिथे आठही जण मृत घोषित झाले. त्यांतल्या एका जोडप्याचा दुसरा मुलगा त्या रात्री शेजारच्या खोलीत झोपला होता. तो वाचला. पोलिसांचा संशय हीटरवर आणि गुदमरण्यावर होता. पुढे नेपाळ सरकारनं ते रिसॉर्ट तीन महिन्यांसाठी बंद केलं.

आता हिंगोली. कोणताही डिसेंबर, पहाटे सहा. आपल्याकडे खोलीत गॅसचा हीटर क्वचितच, म्हणून दामन लांबचं वाटेल. पण न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे ना? कयाधूकडून गार वारं येतं म्हणून झरोक्यात पोतं कोंबलेलं, आत गिझर ढणढण पेटलेला, आणि आंघोळीला गेलेलं पोरगं गरम पाण्याखालून हलायला तयार नाही. खोली इवलीशी, म्हणून दामनचे तास इथे मिनिटांवर येतात. विषारी वायूचं प्रमाण 3,200 भागांवर गेलं, की पाच-दहा मिनिटांत डोकं जड होतं आणि अर्ध्या तासात खेळ संपतो. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार लावून घेतात, तिथेही हाच वायू. थोरल्या बाया दार किलकिलं ठेवायच्या. त्यांचं बरोबर होतं. खोल्यांना घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या आल्या आणि ती फटही गेली.

तेव्हा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. ते जमत नसेल तर आधी बादली भरा, गिझर बंद करा, मगच आत जा. झरोका बुजवू नका. ज्योत निळी हवी. पिवळी पडली किंवा वर काजळी धरली तर बर्नर साफ करून घ्या, आणि वर्षातून एकदा तरी कारागिराला दाखवा. सिलिंडरच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांवर ती वापरू नका, चीर दिसली तर त्याआधीच बदला. रात्री रेग्युलेटर बंद. शेगडी असो की हीटर, पेटता ठेवून झोपायचं नाही, आणि पेटता असेल तोवर एक खिडकी उघडी.

घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखायला लागलं, तर गोळी शोधू नका. आधी दारं उघडा, सगळ्यांना अंगणात काढा, 108 ला फोन लावा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर या आणि 1906 ला कळवा. आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर वाट पाहू नका, दार फोडा.