परगण्याची पलटण आणि जातीची पलटण

ब्रिटिश सैन्याचा विषय निघाला की आपल्याकडील विवेचन बहुधा कोरेगावच्या जयस्तंभापाशी थांबते. ते स्वाभाविकही आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे लढलेल्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. परंतु ज्या राज्यकर्त्यांनी पुढे १८९२ मध्ये महारांची सैन्यभरती बंद केली, त्यांनी स्वतःच्या देशात पायदळाची रचना कोणत्या तत्त्वावर केली होती, हे पाहिल्यावाचून त्या निर्णयाचे खरे स्वरूप लक्षात येत नाही.

इंग्लंडमधील पायदळाच्या रेजिमेंट्स दीर्घकाळ क्रमांकाने ओळखल्या जात. शिपाई गरीब घरांतून येत, तर अधिकारपदे चक्क पैसे देऊन विकत घेतली जात. युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांच्या कारकिर्दीत १८७१ मध्ये ही खरेदी-विक्री बंद झाली. त्यानंतर दोन-दोन पलटणींच्या जोड्या लावण्यात आल्या. जोडीतील एक पलटण परदेशी जाई आणि दुसरी मायदेशी राहून तिच्यासाठी माणसे तयार करी. १८८१ मध्ये ह्यू चिल्डर्स यांनी क्रमांक काढून टाकले आणि रेजिमेंट्सना परगण्यांची नावे दिली. तिसावी व एकोणसाठावी मिळून ‘ईस्ट लँकेशायर रेजिमेंट’ झाली. तिचे ठाणे बर्नली येथे होते. गावचा तरुण गावच्या नावाच्या पलटणीत जाईल, असा हिशेब त्यामागे होता. प्रत्यक्षात तो नेहमी जुळला नाही. रॉयल वेल्श फ्युजिलियर्समध्ये बर्मिंगहॅमचे इतके शिपाई असत की वेल्श हे नाव थट्टेचा विषय झाले होते.

पहिल्या महायुद्धात या तत्त्वाने टोक गाठले. १९१४ मध्ये किचनेर यांनी स्वयंसेवकांना आवाहन केले, तेव्हा एकाच गावच्या, एकाच गिरणीच्या मित्रांनी एकत्र भरती व्हावे आणि एकत्रच लढावे, असे आश्वासन देण्यात आले. ॲक्रिंग्टन या सूतगिरण्यांच्या लहानशा शहराने आणि बर्नली, चोर्ली या शेजारच्या गावांनी मिळून ईस्ट लँकेशायरची अकरावी पलटण उभी केली. १ जुलै १९१६ रोजी सकाळी सोमच्या रणांगणावर सेर या खेड्यावर ती चालून गेली. सुमारे ७०० जण पुढे सरसावले. त्यांपैकी ५८४ जण अर्ध्या तासाच्या आसपास ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्या एका दिवशी ब्रिटिश सैन्याचे एकूण ५७,४७० जवान कामी आले वा घायाळ झाले. मृतांची संख्या १९,२४० होती. सैन्य प्रचंड होते, म्हणून ही हानी सैन्याने सोसली. ॲक्रिंग्टनच्या गल्ल्यांना ती सोसणे कठीण गेले, कारण एकाच आळीत अनेक घरांवर एकदमच दुःख कोसळले. तत्पूर्वीच, १९१६ च्या आरंभी, सक्तीची भरती सुरू झाली होती. पुढे जखमी बरे झाले की त्यांना गरज असेल त्या पलटणीत पाठविले जाऊ लागले. मित्रांच्या पलटणींची कल्पना पुन्हा उचलली गेली नाही.

अनुभव विरुद्ध गेला तेव्हा तत्त्व बदलण्यात आले, ही बाब येथे महत्त्वाची आहे. भारतात याच्या उलट घडले. १८५७ नंतर येथील सैन्याची वाटणी जात व जमात पाहून होऊ लागली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ‘लढाऊ जमाती’च्या कल्पनेला अधिकृत प्रतिष्ठा लाभली. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सेवा बजावली होती, ते एका आदेशाने अपात्र ठरले. त्यांच्या सेवेचा दप्तरी पुरावा विचारात घेतला गेला नाही. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज केले, पण व्यर्थ. १९१७ मध्ये युद्धाला माणसे कमी पडू लागली, तेव्हा १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली.

परगणा आणि जात यांना एकाच मापाने मोजता येत नाही. बर्नलीचा विणकर लंडनच्या पलटणीत नाव नोंदवू शकत होता. महाराला मात्र दुसरी पलटण नव्हती.

पालीच्या अभ्यासकाला येथे संयुत्तनिकायातील कोसलसंयुत्ताचे इस्सत्त सुत्त आठवल्यावाचून राहत नाही. युद्ध समोर उभे असता धनुर्विद्या न शिकलेला, भित्रा क्षत्रियकुमार उपयोगी पडेल काय, असे भगवान बुद्ध राजा पसेनदीला विचारतात. राजा नाही म्हणतो. ब्राह्मण, वैश्य व शूद्र यांच्याविषयीही तेच उत्तर येते. पण तोच तरुण शिकलेला व धीराचा असेल तर कोणत्याही कुळातला चालेल, असे राजा सांगतो. सैन्यभरतीविषयी इतके सरळ उत्तर कोसलच्या राजाला सुचले होते.

जुलै १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. त्यांनी महार रेजिमेंटचा आग्रह धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे तिची पहिली पलटण उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर या रेजिमेंटमध्ये भारताच्या निरनिराळ्या प्रदेशांतील व समाजांतील जवान घेतले जाऊ लागले. ईस्ट लँकेशायर रेजिमेंट मात्र १९५८ मध्ये साउथ लँकेशायर रेजिमेंटशी एकत्र करण्यात आली, आणि आता तिचा वारसा २००६ मध्ये स्थापन झालेल्या ड्यूक ऑफ लँकेस्टर्स रेजिमेंटकडे आहे.